चवळीचा डोळा आणि फुप्फुसाचं दार

घरात कुणाचा छातीचा एक्स-रे काढला की रिपोर्ट हल्ली आधी फोनवर येतो, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी तो वाचून काढलेला असतो. त्यात एक शब्द हमखास भेटतो : हायलम, नाहीतर त्याचं विशेषण, हायलर. पोटाच्या सोनोग्राफीत तोच शब्द मूत्रपिंडाच्या संदर्भात येतो, मानेच्या सोनोग्राफीत गाठींच्या संदर्भात. आणि बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या घरातल्या मुलीला विचारावं, तर ती म्हणते, ‘हायलम? तो तर बियांना असतो.’

ती चुकत नाही आणि रिपोर्टही चुकत नाही. हा शब्द बियांचाही आहे आणि शरीराचाही. आधी तो बियांचा होता, आणि त्याच्याही आधी ‘काहीच नाही’ या अर्थाच्या बोलण्यात रुळलेला होता. हा प्रवास मला फार आवडतो, कारण तो कळला की शब्द पाठ करावा लागत नाही. दिसायलाच लागतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. चवळीचा एक दाणा घ्या. त्याच्या खोलगट बाजूला काळा डोळा असतो. नीट निरखलं तर त्या काळ्याच्या मधोमध एक पांढरट, लांबट खूण दिसेल, तांदळाच्या कणीहून लहान. काळा रंग ही नुसती भोवतालची नक्षी. हायलम म्हणजे ती मधली पांढरी खूण.

ती खूण कसली, हे कळायला मटार सोलायला बसा. शेंग उघडली की दाणे एका कडेला ओळीनं चिकटलेले दिसतात. प्रत्येक दाण्याला शेंगेशी जोडणारा एक हिरवा, आखूड, नाजूक देठ असतो. आईच्या पोटातल्या बाळाला जशी नाळ, तसाच हा देठ. झाडानं पानांत तयार केलेली साखर, मुळांनी ओढलेलं पाणी, क्षार, सगळं या एका देठातून दाण्यात जातं. दुसरी वाट नाही. दाणा भरला, वाळला, की देठ सुटतो आणि जिथे तो जोडलेला होता तिथे व्रण राहतो. तो व्रण म्हणजे हायलम. मराठी वनस्पतिशास्त्रात त्याला नाभी किंवा नाभिका म्हणतात, आणि हे भाषांतर मला मूळ शब्दाहून सरस वाटतं. का ते पुढे येईलच.

एकदा नजर बसली की घरातल्या प्रत्येक डब्यात हा व्रण सापडतो. वालाच्या कडेला पांढरी जाडसर रेघ असते, टोपीच्या काठासारखी उठून दिसणारी. नाभी तिच्याच खाली असते. राजम्याला ती पोटाच्या खाचेत असते. सोयाबीनच्या पिवळ्या दाण्यावरचा काळा किंवा तपकिरी ठिपका तोच. आपल्याकडे वर्षानुवर्षं पेरल्या गेलेल्या जेएस ३३५ या वाणाची ओळख सांगताना फुलाच्या जांभळ्या रंगाबरोबर ‘काळी नाभी’ असंही लिहिलेलं असतं. बियाण्यात भेसळ आहे का हे तपासणारे लोक म्हणूनच दाणा उलटा करून पाहतात.

आता रोमकडे जाऊ. लॅटिनमध्ये या शब्दाचा उच्चार हीलुम. हा शब्द तिथे सुटा फारसा भेटत नाही. भेटतो तो बहुतेक नकाराच्या जोडीनं : ‘हीलुमसुद्धा नाही’. रोमन लेखक सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात जुन्या कवितेतली एक ओळ दिली आहे. ग्रीक कथांमधल्या सिसिफस राजाला मरणानंतर शिक्षा झाली होती : डोंगरावर धोंडा ढकलत न्यायचा, आणि तो दर वेळी घरंगळत खाली येणार. ती ओळ म्हणते, की सिसिफस घाम गाळत धोंडा रेटतो आहे आणि हीलुमभरही पुढे सरकत नाही. आपण म्हटलं असतं, तसूभरही पुढे सरकत नाही.

मग हीलुम म्हणजे नेमकं काय? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या फेस्टस या कोशकाराच्या नावावर एक नोंद आहे : शेंगेच्या दाण्याला जे चिकटलेलं असतं ते हीलुम, असं मानतात. ‘मानतात’ हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही मूळ अर्थ पक्का आठवत नव्हता; वाक्प्रचार उरला होता, वस्तू विसरली गेली होती. पुढच्या काही अभ्यासकांनी हा शब्द लॅटिनमधल्या ‘धागा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडून पाहिला आहे. धागा घ्या की दाण्याला लटकलेला देठाचा तुकडा घ्या, आशय एकच : इतकं क्षुल्लक, की असलं काय अन् नसलं काय.

यात परकं काही वाटायचं कारण नाही. आपणही हेच करतो. ‘माझ्या मनात तीळमात्र शंका नाही.’ ‘त्याला रतीभर अक्कल नाही.’ ‘कणभरही फरक पडला नाही.’ शून्य सांगायचं असलं की माणसं आधी हाताशी असलेली सगळ्यांत बारीक गोष्ट शोधतात आणि मग तीसुद्धा नाकारतात. रोमन माणसानं शेंगेच्या दाण्याकडे पाहिलं, आपण तिळाकडे.

रतीचं तर विशेषच आहे. रती म्हणजे गुंज. लाल दाणा, एका टोकाला काळा. सोनार सोनं तोलायला हेच बी वापरत : आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तोळ्याचे ११.६६ ग्रॅम धरले तर गुंजेच्या वाट्याला जेमतेम ०.१२ ग्रॅम येतं. गुंज ही चवळी-वालांच्याच कुळातली वेल, आणि तिचा काळा भाग नाभीभोवतीच पसरलेला असतो. म्हणजे ‘रतीभर नाही’ म्हणणारा मराठी माणूस आणि ‘हीलुमभर नाही’ म्हणणारा रोमन माणूस, दोघांनीही एकाच कुळातल्या शेंगेच्या दाण्याला हात घातला होता. कुणी कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं.

लॅटिनमध्ये ‘नाही’ साठी ‘ने’ आणि पुढे ‘हीलुम’. दोन्ही रोज एकत्र बोलले जाऊन घासत गेले आणि ‘निहिलुम’, मग ‘निहिल’ असा शब्द झाला. अर्थ : काहीच नाही. तोही आखडला आणि ‘निल’ उरला. हा निल आपल्या ओळखीचा आहे. फुटबॉलचा सामना ‘दोन-निल’ संपतो. धंदा झाला नाही तरी जीएसटीचं ‘निल रिटर्न’ भरावं लागतं, आणि ते भरणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी शेंगेच्या दाण्यावरची एक खूण असते. निहिलिझम, म्हणजे कशालाच अर्थ नाही असं मानणारा विचार, हाही त्याच देठाचा.

इथे एक खुलासा करायला हवा. रोमन माणसाच्या हातातला दाणा राजम्याचा नव्हता. राजमा, घेवडा ही अमेरिकेतली पिकं. कोलंबसाच्या आधी ती युरोपात नव्हती. रोमन लोकांची शेंग म्हणजे फाबा, उत्तर भारतात जिला बाकला म्हणतात ती. तिच्या जाड, चपट्या दाण्याच्या टोकाला लांबट नाभी असते आणि पुष्कळ वाणांत ती काळीभोर होते. ही शेंग तिथे इतकी घरातली होती की फाबियस हे बड्या घराण्याचं नाव तिच्याशीच जोडलं जातं. खुद्द सिसेरोचं नाव हरभऱ्यावरून आलेलं आहे. अशा समाजात ‘काहीच नाही’ हा शब्द शेंगेच्या दाण्यातून निघाला, तर तो योग्य जागेवरूनच निघाला.

शास्त्रानं हा शब्द उचलला तो बऱ्याच नंतर. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर लोक बिया चिरून पाहू लागले. इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू यानं १६७२ साली वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचं आपलं पहिलं पुस्तक काढलं, आणि सुरुवात केली ती शेंगेच्या एका दाण्यापासून. पुढे १७५१ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसनं वनस्पतिशास्त्राची परिभाषा नीट बांधून दिली. तीत त्यानं हायलमची व्याख्या थोडक्यात केली : बी फळाला जिथे जोडलेलं होतं तिथला बाहेरचा व्रण. आजही यात बदल करावा लागत नाही.

आपल्या परिभाषाकारांनी मात्र लॅटिन शब्दाचा ‘क्षुल्लक’ हा अर्थ बाजूला ठेवला आणि सरळ वस्तूकडे पाहिलं. नाळेचा व्रण ना? मग नाभी. संस्कृतात नाभी म्हणजे बेंबी, आणि रथाच्या चाकाचा मधला तुंबाही, ज्यात सगळे आरे येऊन मिळतात. हा फार जुना शब्द आहे. इंग्रजी ‘नेव्हल’, जर्मन ‘नाबेल’, ग्रीक ‘ओम्फालोस’, लॅटिन ‘उंबिलिकुस’ हे सगळे त्याचे दूरचे भाऊबंद. युरोपातल्या शास्त्रज्ञांकडेही बेंबीसाठी शब्द होता, पण या व्रणासाठी त्यांनी ‘अगदी क्षुल्लक’ हा शब्द निवडला. आपण निवडलेल्या शब्दात जोडणीही आहे आणि केंद्रही. पुढे शरीराकडे वळल्यावर नाभी किती चपखल आहे ते जाणवतं.

पण त्याआधी, हा व्रण खरंच क्षुल्लक आहे का? मटकी भिजवणाऱ्या कुणालाही विचारा. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसली की बहुतेक दाणे फुगलेले असतात, आणि तळाशी दोनचार जसेच्या तसे. टणक, लहान, दाताखाली आले तर दात हलवणारे. यांना आपण गणंग म्हणतो. गणंग पाणी घेतच नाही. दोन दिवस ठेवा, तो तसाच.

याचं एक कारण नाभीत आहे. ई. ओ. सी. हाइड या न्यूझीलंडमधल्या संशोधकानं १९५४ साली ते दाखवून दिलं. क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं गवतासारखं पीक असतं, तेही वाल-मटकीच्याच कुळातलं; त्याच्या आणि त्याच कुळातल्या ल्युपिनच्या बिया त्यानं तपासल्या. या कुळातल्या दाण्यांच्या नाभीत मधोमध एक उभी बारीक चीर असते. चिरेच्या दोन्ही बाजूंना खांबांसारख्या उभ्या पेशींचे थर असतात, आणि हवेच्या ओलाव्याप्रमाणे ते आकसतात किंवा फुगतात. हवा कोरडी असली की बाहेरचा थर आकसतो, चीर उघडते आणि दाण्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. हवा दमट झाली की तोच थर फुगतो आणि चीर घट्ट मिटते. म्हणजे पाणी बाहेर जाऊ शकतं, आत येऊ शकत नाही. एकाच दिशेनं उघडणारी झडप. पंपाच्या फूटव्हॉल्व्हची कल्पना असलेल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल.

उन्हाळ्यातला कोरडा दिवस आला की दाणा थोडा वाळतो. ढगाळ दिवस आला की दार बंद. पुन्हा कोरडा दिवस, पुन्हा थोडा वाळतो. असं होत होत दाणा आजवरच्या सगळ्यांत कोरड्या दिवसाइतका कोरडा होऊन बसतो आणि त्याचं साल पाण्याला अभेद्य होतं. मग तो वर्षानुवर्षं मातीत पडून राहू शकतो. एका पावसात सगळे दाणे उगवले आणि पुढे पाऊस ओढला, तर अख्खी पिढी जाते. काही दाणे हट्टानं मागे राहिले तर वंश टिकतो. जंगली शेंगवर्गीयांना याचा मोठा आधार असतो. माणसानं पेरायला सुरुवात केल्यावर मात्र पेरल्याबरोबर उगवणारा दाणाच पुढच्या वर्षी बियाण्यात आला, आणि न उगवणारे मागे पडत गेले. हजारो वर्षांच्या या निवडीतून सुटलेली जुनी सवय म्हणजे तुमच्या पातेल्यातला गणंग. चार-पाच दाण्यांसाठी मला राग यायचा, तो हे वाचल्यापासून गेला.

जुनी कडधान्यं भिजतात पण शिजत नाहीत, ती गोष्ट वेगळी. तिथे दोष आतल्या पेशींच्या भिंतींचा असतो. गणंगाची अडचण दारातच आहे.

मग भिजणारा दाणा पाणी घेतो कुठून? बरंचसं नाभीच्या आसपासच्या भागातून. नाभीला लागूनच सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं, बीजरंध्र. भिजलेला वाल बोटांत धरून हलकेच दाबला की तिथून पाण्याचा बारीक थेंब येतो; शाळेत हा प्रयोग केलेला अनेकांना आठवेल. आतल्या कोवळ्या मुळाचं टोक नेमकं या छिद्राकडे रोखलेलं असतं. म्हणून बिरड्यासाठी वालाला मोड आणले की मोड कुठूनही फुटत नाही, नाभीशेजारूनच बाहेर येतो. जिथून आईनं भरवलं, त्याच्याच शेजारी बाहेर पडायची वाट.

आता शरीर. शरीरशास्त्रज्ञांनी हा शब्द का उचलला ते समजायला राजमा आणि मूत्रपिंड शेजारी ठेवून पाहावं. आकार सारखा आहे हे सगळेच म्हणतात, इंग्रजीत राजम्याचं नावच त्यावरून पडलं आहे. पण साम्य आकारावर थांबत नाही. राजम्याच्या खाचेत नाभी असते, आणि मूत्रपिंडाच्या खाचेतही एक जागा असते जिथून धमनी आत जाते, शीर बाहेर येते आणि लघवी वाहून नेणारी नळी निघते. बाकी सगळं मूत्रपिंड एका चिवट आवरणात गुंडाळलेलं. या खाचेलाच हायलम म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘हायलस’ असंही रूप दिसतं. १९९८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेनं हायलम हेच रूप धरलं.

त्यानंतर अशी जागा जिथे जिथे दिसली तिथे तिथे तो शब्द गेला. फुप्फुसांना हायलम आहे, प्लीहेला आहे, बीजांडकोशाला आहे, लसीकाग्रंथींना, म्हणजे मानेत-काखेत हाताला लागणाऱ्या गाठींना, आहे. छोट्या मेंदूत खोलवर घड्या पडलेल्या पिशवीसारखं एक केंद्र आहे, तिच्या तोंडालाही हेच नाव. यकृताला मात्र वेगळं नाव मिळालं, त्याच्या अशा जागेला लॅटिनमध्ये ‘यकृताचं द्वार’ म्हणतात. खरं तर सगळीच द्वारं आहेत.

इथे शब्दानं एक मोठं वळण घेतलं. बीवरचा हायलम म्हणजे तुटलेल्या नात्याची खूण. तिथून आता काही जात-येत नाही. शरीरातला हायलम मात्र जन्मभर वाहता असतो. निवांत बसलेल्या माणसाच्या हृदयातून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फुप्फुसांकडे जातं, आणि ते सगळं दोन फुप्फुसांच्या दोन हायलममधूनच आत जातं आणि परत येतं. दोन्ही मूत्रपिंडांना मिळून मिनिटाला लिटरभर, कधी त्याहून थोडं जास्त. म्हणजे प्रत्येकाच्या खाचेतून अर्धा लिटर तरी. ज्याचा अर्थ ‘तसूभर’, त्या दारातून इतकी वाहतूक.

सगळं एकाच जागेतून का? चारही बाजूंनी नळ्या का नाहीत? उत्तर गर्भात आहे. फुप्फुस आधी तयार झालं आणि मग त्याला नळ्या जोडल्या, असं होत नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या सुरुवातीच्या भागातून एक कोंब फुटतो. त्याला दोन फांद्या फुटतात, त्यांना आणखी, त्यांना आणखी, आणि फांद्यांच्या टोकांना पुढे हवेचे फुगे येतात. फुप्फुस म्हणजे त्या खोडावर वाढलेलं झाड, आणि खोड जिथे झाडात शिरतं ती जागा हायलम. मूत्रपिंडाचंही तसंच, तिथेही एक कोंब आत घुसतो आणि फांद्या पसरतो. आधी जोडणी, मग अवयव. बीचंही हेच असतं. दाणा देठावरच जन्मतो, देठाला नंतर चिकटवलेला नसतो. म्हणून मला नाभी हा शब्द शरीरासाठीही योग्य वाटतो; चाकाचे आरे जसे तुंब्यात येऊन मिळतात, तशा अवयवातल्या सगळ्या फांद्या इथे एकत्र येतात.

मूत्रपिंडाची तर गंमतच आहे. ते गर्भात आधी ओटीपोटात तयार होतं, आणि तेव्हा हायलम पुढे, पोटाच्या दिशेनं असतो. सहाव्या ते नवव्या आठवड्यात मूत्रपिंड वर सरकत जातं आणि जाताना वळतं. शेवटी दोन्हींचे हायलम आतल्या बाजूला, पाठीच्या कण्याकडे येतात, जणू समोरासमोर बसलेले दोघं.

शल्यचिकित्सकाला ही जागा सगळ्यांत मोलाची. अपघातात प्लीहा फुटून रक्तस्राव होत असेल तर सगळ्यात आधी हायलम बोटांत धरून दाबला जातो, की रक्त थांबतं. मूत्रपिंड दान करणाऱ्याचं मूत्रपिंड काढताना याच जागेतल्या धमनी, शीर आणि मूत्रनळी जपून सोडवतात, कारण घेणाऱ्याच्या शरीरात पुन्हा या तिघींनाच जोडायचं असतं. हल्ली ते नेहमीच्या जागी न ठेवता ओटीपोटाच्या बाजूला बसवतात. जोडणी नीट झाली की अवयवाला आपली जागा कुठली याचं फारसं देणंघेणं नसतं.

आता रिपोर्टाकडे परत. छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या दोन्ही बाजूंना धुरकट, फांद्यांसारख्या पांढुरक्या सावल्या दिसतात. त्या फुप्फुसांच्या हायलमच्या, आणि त्यात मुख्यतः रक्तवाहिन्या दिसतात. डावी सावली उजवीपेक्षा जराशी वर असते, कारण तिथली धमनी श्वासनलिकेच्या फांदीवरून वळसा घालून जाते. हे नॉर्मल आहे. डॉक्टर पाहतात ते सावली भरगच्च झाली आहे का, गाठाळ दिसते का, एकाच बाजूची वाढली आहे का. इथे लसीकाग्रंथींची दाटी असते. फुप्फुसात काही शिरलं की पहिली गाठ त्यांच्याशी पडते. क्षयाचा जंतू लहान मुलाच्या फुप्फुसात प्रथम शिरतो तेव्हा फुप्फुसातला डाग बारीक असतो, पण हायलममधल्या ग्रंथी सुजून मोठ्या होतात. सार्कॉइडोसिस या आजारात त्या दोन्ही बाजूंना सारख्या वाढतात. म्हणून रिपोर्टात हायलम शब्द आला म्हणजे आजार आला असं नाही. प्रत्येक छातीत दोन हायलम असतात आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला दोन्हींबद्दल लिहावंच लागतं.

दुसरा शब्द लोकांना जास्त घाबरवतो : ‘फॅटी हायलम प्रिझर्व्ह्ड’. मानेतल्या किंवा काखेतल्या गाठीची सोनोग्राफी केली की हे लिहून येतं, आणि फॅटी वाचून माणूस समजतो की गाठीत चरबी साचली. उलट ही चांगली बातमी आहे. लसीकाग्रंथी ही घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची असते. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येतं ना, तेव्हा सुजते ती हीच. तिच्या फुगीर बाजूनं अनेक बारीक वाहिन्या आत येतात आणि खाचेतून, म्हणजे हायलममधून, गाळलेला द्रव बाहेर जातो. त्या खाचेत थोडी चरबी असणं हा निरोगी रचनेचा भाग आहे, आणि सोनोग्राफीत ती पांढरी, चमकदार दिसते. कर्करोगाच्या पेशींनी ग्रंथी भरून गेली तर ही पांढरी खूण पुसली जाऊ शकते. म्हणून ‘प्रिझर्व्ह्ड’, म्हणजे टिकून आहे, असं लिहिलेलं असतं. अर्थात एका शब्दावरून निदान होत नाही. ते डॉक्टरांनीच सगळं मिळून करायचं. पण तोवर झोप उडू नये, इतकं तरी या शब्दानं आपल्यासाठी करावं.

बटाट्याच्या पिठाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यातही एक बिंदू दिसतो, त्याच्याभोवती शिंपल्यावर असतात तशा रेषा. पीठ त्या बिंदूभोवती थराथरानं जमत गेलेलं असतं. त्या बिंदूलाही हायलम म्हणतात. तिथे ना देठ, ना नळी; नुसतं केंद्र. शब्द इतका पसरला की कधीकधी मूळ अर्थही मागे सोडून गेला.

आणि एक हायलम सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात दर हिवाळ्यात पाहिला जातो, या नावानं नाही तरी पाहिला जातोच. ज्वारीचा दाणा हे खरं तर बी नव्हे, ते अख्खं फळ असतं. साल आणि बी एकजीव झालेलं. तो कणसाला जिथे टेकलेला असतो तिथून त्याला साखर मिळत राहते. दाणा भरत आला की आधी तो दुधाळ असतो, मग मऊ, गोड. तेव्हा कणसं भाजून, हातांवर चोळून, चटणी-गुळाबरोबर हुरडा खातात. ही गोडी त्या दारातून अजून आत येणारी साखर आहे, जी पुरती पीठ झालेली नाही. मग एक दिवस दाण्याच्या बुडाशी एक काळा ठिपका दिसू लागतो. तिथल्या वाहिन्या बंद झाल्या, झाडानं देणं थांबवलं. आता दाणा वाढणार नाही, नुसता वाळेल. म्हणून शेतकरी काढणीच्या आधी कणसातले दोनचार दाणे हातावर सोडवतो आणि उलटे करून बघतो. काळा ठिपका असला तर हुरडा संपला, आता विळे काढायचे.